सुईण, नर्सबाई आणि वाट

आमच्या पाड्यावरच्या माझ्या वयाच्या लोकांचे शाळेचे दाखले काढून बघा. बहुतेकांची जन्मतारीख 1 जून निघेल. जूनमध्ये शाळा भरायची. गुरुजी पोराला उभं करायचे, उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागतो का बघायचे आणि तारीख टाकून मोकळे व्हायचे. खरी तारीख आईबापालाही ठाऊक नसायची. ठाऊक असायचं ते एवढंच, की पोर राब भाजायच्या दिवसांत झालं, का आवणीत, का नागली खळ्यावर असताना. आणि दुसरी गोष्ट पक्की ठाऊक असायची, की बाळंतपण कुणी केलं. सुईणीचं नाव कुणी विसरत नसे.

म्हणून जव्हार-मोखाड्याच्या डोंगरातल्या बाळंतपणाचा इतिहास लिहायचा तर जुने कागद सापडत नाहीत. तो बायांच्या तोंडी आहे. माझी आजी सुईण होती. तिच्यामागे माझ्या काकीनं ते काम केलं. मी पुरुषमाणूस, बाळंतिणीच्या खोलीत मला जागा नाही. पण पाणी तापवायला, रात्री कंदील धरायला आणि पुढे डोली उचलायला मी होतो. जे बघितलं, घरात ऐकलं आणि नंतर वाचलं, त्यातून हे लिहितो आहे.

आजीला अक्षर येत नव्हतं, पण हिशोब चोख होता. आवणीत पाळी चुकली तर बाई पाडव्याच्या आसपास मोकळी होणार, असं ती बोटांवर सांगायची. पोटाला तेल लावून हात फिरवायची आणि डोकं खाली आहे का वर, हे ओळखायची. कळा सुरू झाल्या की घराच्या आढ्याला दोर बांधायचा. बाई उकिडवी बसायची, दोराला धरून जोर लावायची. पाठीशी सासू नाहीतर जाऊ टेकण देऊन बसलेली असायची. आडवं पाडून बाळंत करायची रीत आमच्याकडे नव्हती. आजी म्हणायची, चढावर पाणी चढत नाही, ते उतारानंच येतं. आज मोठमोठे डॉक्टरही सांगतात की बसून, उकिडवं राहून, चालतंफिरतं राहून कळा सोसायला सोपं जातं. आजीला ते कुणी शिकवलं नव्हतं.

वार पडेपर्यंत ती नाळ कापत नसे. नाळ कापायला बांबूची धारदार चीप. तीही बहुतेक घराच्या कुडाची नाहीतर कुंपणाची, जागेवर काढलेली. नाळेच्या टोकाला राख लावायची. वार घराजवळ खड्डा करून पुरायची, वर दगड ठेवायचा, म्हणजे कुत्रं उकरणार नाही. बाळंतिणीला नागलीची पेज. पाचव्या दिवशी पाचवी पुजायची, सटवी पोराच्या कपाळावर लिहिते ती रात्र. मग सुईणीची बोळवण. पायलीभर नागली, एक नारळ, आणि घर बरं असलं तर लुगडं. गरीब घरातून ती काहीच घ्यायची नाही, आणि आमच्या पाड्यावर बहुतेक घरं गरीबच होती.

हे सगळं सांगताना एक धोका असतो. जुनं ते सगळं सोनं, असं ऐकणाऱ्याला वाटायला लागतं. शहरातून येणारे काही लोक सुईणीची गोष्ट ऐकून हरखून जातात. त्यांना मी आजीच्याच तोंडचं सांगतो. ती म्हणायची, “माझ्या हातानं जेवढी पोरं जगात आली, तेवढी काही अंगणात खेळली नाहीत.” बाळ आडवं आलं की ती हतबल व्हायची. वार अडकून रक्त वाहायला लागलं की भगत बोलवायचे, नवस बोलायचे, आणि बाई डोळ्यांदेखत पांढरी पडत जायची. तिसऱ्याचौथ्या दिवसानंतर एखादं चांगलं पिणारं पोर पिणं सोडायचं, जबडा मिटायचा, अंग धनुष्यासारखं वाकायचं, आणि संपायचं. सटवीनं नेलं म्हणायचे. तो धनुर्वात होता. त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात. कुडाच्या चिपेवरून, राखेतून ते ओल्या नाळेत शिरायचे. ज्या हातानं पोर सोडवलं त्याच हातानं मरण आत जायचं, आणि त्या हाताला ते कळायला मार्ग नव्हता.

यात आम्ही डोंगरातले अडाणी म्हणून मागे होतो असं समजू नये. युरोपात व्हिएन्ना शहरातल्या मोठ्या इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि त्यांचे विद्यार्थी बाळंतपण करायचे, दुसऱ्यात सुईणी. डॉक्टरांच्या विभागात बाया जास्त मरत होत्या. सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरानं कारण शोधलं. विद्यार्थी प्रेतं फाडून तसेच बाळंतिणीकडे येत होते. 1847 साली त्यानं त्यांना क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावले आणि मरण झपाट्यानं कमी झालं. तरी त्याच्या बरोबरीच्या पुष्कळ डॉक्टरांनी त्याचं ऐकलं नाही. तेव्हा हात धुवायचं शहाणपण शिकलेल्यांनाही सहज पटलेलं नाही. आमच्या सुईणींना दोष देण्याआधी हे ध्यानात ठेवावं.

आपल्याकडे 1885 साली व्हाइसरॉयच्या बायकोच्या, लेडी डफरिनच्या, नावानं बायांना बाईमाणसाकडून औषधपाणी मिळावं म्हणून निधी उभा राहिला. 1886 साली मुंबईत कामा हॉस्पिटल सुरू झालं. त्याच साली आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या. 1903 पासून दायांना शिकवण्यासाठी व्हिक्टोरिया राणीच्या नावानं वेगळा निधी आला. हे सगळं मी पुस्तकात वाचलं. माझ्या आजीच्या दोरापर्यंत आणि चिपेपर्यंत यातलं काही पोचलं नव्हतं. जव्हार हे तेव्हा मुकणे राजांचं संस्थान. 1948 साली ते विलीन झालं आणि आम्ही ठाणे जिल्ह्यात आलो. जिल्ह्याचं ठिकाण शंभर किलोमीटरच्या पलीकडे. पालघर जिल्हा झाला तो 1 ऑगस्ट 2014 ला. जव्हारच्या दवाखान्याला आजही राजाचं नाव आहे, पतंगशाह कुटीर रुग्णालय. अडलेल्या बाईला शेवटी तिथेच न्यायचं, हे आमच्या दोन्ही तालुक्यांना पाठ आहे.

स्वातंत्र्याच्या तोंडावर, 1946 साली, भोर समितीनं सांगितलं होतं की दवाखाना खेड्याजवळ गेला पाहिजे. 1952 पासून देशात प्राथमिक आरोग्य केंद्रं निघू लागली. पुढे डोंगरी आणि आदिवासी भागासाठी नियम झाला, 20 हजार लोकवस्तीला एक केंद्र आणि 3 हजारांना एक उपकेंद्र. उपकेंद्रात एक नर्सबाई. कागदावर तिला एएनएम म्हणतात. आमच्याकडे ती नर्सबाईच.

आमच्या भागात सुरुवातीला आलेल्या नर्सबायांची आठवण काढली की मला आजही त्यांची कीव आणि कौतुक दोन्ही येतं. विशी-बाविशीतल्या पोरी. कुणी घाटावरची, कुणी तळकोकणातली. राहायला गळकी खोली, दिव्याला रॉकेल, बोली समजत नाही, आणि सात-आठ पाडे पायी हिंडायचे. त्यातच आणीबाणीचा काळ येऊन गेला. नसबंदीच्या केसेसचे आकडे वरून यायचे आणि ते पुरे करायचं ओझं नर्सबाईच्या गळ्यात असायचं. त्याचा परिणाम असा झाला, की पांढरी साडी बांधावर दिसली की बाया रानात पळायच्या. गरवार बाई पोट लपवायची. जी बाई जीव वाचवायला आली होती तिच्यावरचा भरवसा त्या दोन वर्षांत गेला, आणि तो परत मिळवायला पुढची दहा वर्षं लागली.

तो परत मिळाला सुईणींमुळे, असं मी म्हणतो. 1977 नंतर सरकारनं गावोगावच्या दायांना शिकवायला घेतलं. माझी काकी महिनाभराच्या त्या शिकवणीला गेली. जाताना रडत गेली, येताना पत्र्याचा डबा घेऊन आली. डब्यात कात्री, दोरा, साबण, नखं घासायचा ब्रश, खाली अंथरायचं प्लॅस्टिक. पाच गोष्टी स्वच्छ ठेवायच्या, असं तिला शिकवलं होतं: हात, जागा, पातं, नाळ बांधायचा दोरा आणि नाळ. नाळेला राख नाही, शेण नाही, काही नाही. आजी तेव्हा जिवंत होती. सुनेचा डबा उघडून तिनं कात्री हातात घेतली, धार बघितली आणि म्हणाली, “हे बरंय. पण उकळायला लाकूड कोण देणार?” ती चेष्टा नव्हती. पावसाळ्यात सुकं लाकूड घरात नसतं. पातं उकळायचं म्हणजे तेवढं जळण बाजूला ठेवायचं. शिकवणाऱ्यांच्या हे ध्यानात आलं नव्हतं, ते सुईणीच्या आलं. त्यानंतर आमच्या घरात आगोटीच्या तयारीत दोन मोळ्या “बाळंतपणाच्या” म्हणून माळ्यावर वेगळ्या पडायच्या.

एक रात्र मला चांगली आठवते. खालच्या पाड्यावरची बाई बाळंत झाली, पण रक्त थांबेना. काकीनं मला नर्सबाईकडे पिटाळलं. नर्सबाई कंदिलाच्या उजेडात माझ्यामागे ओहोळातून आली. तिच्याकडे गर्भाशय आवळून धरणारं इंजेक्शन होतं. आत गेल्यावर काय झालं ते काकीनं नंतर सांगितलं. नर्सबाईनं इंजेक्शन दिलं आणि म्हणाली, “मावशी, पोट चोळा, गोळा घट्ट होईस्तोवर सोडू नका.” काकी म्हणाली, “ते करतेच आहे बाय, तू फक्त सांग कधी थांबू.” एकीकडे औषध, एकीकडे हात. पहाटेपर्यंत दोघी बसून होत्या. बाई वाचली. त्या दिवसापासून त्या पाड्यावर नर्सबाईला पाहून कुणी पळालं नाही. पुढे काकी स्वतः बायांना धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला घेऊन जायची. आईला गरवारपणात ती इंजेक्शनं मिळाली की पोरालाही राखण मिळते. आमच्या पाड्यावर धनुर्वातानं पोर जाणं हळूहळू बंद झालं. 2015 साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातून बाळंतिणीचा आणि नवजात बाळाचा धनुर्वात हटल्याचं जाहीर केलं. पेपरात ती बातमी छोटी होती. माझ्या मते ती पहिल्या पानावरची होती.

पण जंतू मारून सगळं भागत नाही. 1992 साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात कुपोषणानं पोरं दगावली आणि आमचं नाव राज्यभर गेलं. मंत्री आले, साहेब आले, पत्रकार आले. सगळ्यांनी पोरांचे फोटो काढले. पोराच्या आईकडे थोड्यांनीच बघितलं. पोराचं कुपोषण आईच्या पोटातच सुरू झालेलं असतं. आमच्याकडे दिवाळी झाली की शेतात काम राहत नाही. माणसं “जगायला” जातात. भिवंडीकडे, वसईकडे, वीटभट्टीवर. मुकादमाची उचल घेतलेली असते, म्हणून पोटुशी बाईसुद्धा माती तुडवते, विटा वाहते. परत येते ती पावसाच्या तोंडावर, आणि लगेच आवणी. त्या दिवसांत घरातलं धान्य संपलेलं. आधीच रक्त कमी, काहींना सिकलसेल. हिमोग्लोबिन 11 हवं तिथे 7-8. अशा बाईला बाळंतपणात थोडं रक्त गेलं तरी जड जातं. तिचं पोर अडीच किलोच्या आत जन्मतं, आणि असं पोर पहिल्याच पावसाळ्यात आजाराला बळी पडतं.

वावर-वांगणीनंतर 1995 साली नवसंजीवनी योजना आली. भरारी पथकाचे डॉक्टर पाड्यांवर फिरू लागले, दायांच्या बैठका होऊ लागल्या. 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, त्याबरोबर आशा आली आणि दवाखान्यात बाळंत होणाऱ्या गरीब बाईला जननी सुरक्षेचे पैसे मिळू लागले. 2011 पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषध, जेवण, जायची-यायची गाडी सगळं फुकट. 2014 पासून 108 नंबरची गाडी. 2015 पासून अंगणवाडीत गरवार आणि स्तनदा बाईला अमृत आहाराचं एक वेळचं गरम जेवण. आकडेही बदलले. 2005-06 च्या पाहणीत महाराष्ट्रात दवाखान्यातली बाळंतपणं शंभरात 65 च्या आसपास होती, 2019-21 च्या पाहणीत ती 95 च्या घरात गेली. लाख जिवंत जन्मांमागे मरणाऱ्या माता 2004-06 मध्ये 130 होत्या, 2018-20 मध्ये 33. हे लहान काम नाही. माझ्या सुनेचं बाळंतपण दवाखान्यात झालं आणि त्या रात्री घरात कुणाच्या पोटात गोळा आला नाही. माझ्या आईच्या वेळी असं म्हणायची सोय नव्हती.

राज्याचा आकडा मात्र डोंगर चढत नाही. ऑगस्ट 2022 मध्ये मोखाडा तालुक्यात बोटोशीच्या मरकटवाडीत एक बाई घरीच दिवस भरायच्या आधी बाळंत झाली. जुळी पोरं. दोन्ही गेली. पाड्याला रस्ता नव्हता. रक्त वाहणाऱ्या त्या बाईला लोकांनी डोलीत घालून निसरड्या वाटेनं गाडीपर्यंत आणलं, म्हणून ती तरी वाचली. स्वातंत्र्याचा अमृतमहोत्सव चालला होता, घराघरावर झेंडे लागले होते. ज्या खोऱ्यांत मुंबईला पाणी देणारी धरणं बांधली, त्याच खोऱ्यांतल्या पाड्यांना बाळंतिणीपुरती वाट नाही.

जाणकार सांगतात, अडलेली बाई तीन उशिरांनी मरते. घरात निघायचं ठरवायला उशीर, वाटेत उशीर, आणि दवाखान्यात पोचल्यावर इलाज मिळायला उशीर. पहिला उशीर आम्ही बराच कमी केला. आता आमच्याकडे सासूच म्हणते, आशाला फोन लाव. दुसरा रस्त्यावर आणि पुलावर अडलाय. तिसऱ्याचं काय सांगावं! आमच्या नात्यातल्या एका पोरीला मध्यरात्री एका सरकारी दवाखान्यात नेलं. भूल देणारा डॉक्टर नव्हता, म्हणून नाशिकला न्या म्हणाले. जव्हारहून नाशिक 80 किलोमीटरच्या आसपास, त्यात घाट. पोरगी गाडीतच मोकळी झाली. गाडीत तिच्याजवळ कोण होतं? तिच्या माहेरची म्हातारी सुईण. दवाखान्याच्या दारात तिला “तुम्ही बाहेर थांबा” म्हणून अडवलं होतं.

हे मला बोचतं. शिकवलेल्या दायांना आता काम उरलं नाही. काकीचा डबा गंजला, त्यात आता घरातले खिळे असतात. बाळंतपण सुईणीनं करू नये, हे मला मान्य आहे. रक्त थांबवायचं औषध, पोराला श्वास द्यायची पिशवी, सिझेरियनची सोय जिथे आहे तिथेच बाळंतपण व्हावं. पण सुईण म्हणजे फक्त नाळ कापणारी बाई नव्हती. ती धीर द्यायची, पाठ चोळायची, बोलीत बोलायची. आमच्या पोरी दवाखान्याला भितात त्या सुईला नाही भीत. एकटीनं टेबलावर पडायला, अंगावर ओरडून घ्यायला भितात. 2016 साली केंद्र सरकारनंच सांगितलं की कळा सोसणाऱ्या बाईजवळ तिच्या विश्वासाची एक बाई असू द्यावी. 2018 साली बाळंतपणासाठी खास शिकवलेल्या नर्सबाया तयार करायचं धोरण आलं. म्हणजे फिरून जग तिथेच आलं, की बाळंतपणाला मशीन लागतं तसं माणूसही लागतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी तर गावातल्या बायांनाच शिकवून घरोघर नवजात पोरं वाचवली. 1999 साली ते काम लॅन्सेट या डॉक्टरांच्या नावाजलेल्या नियतकालिकात छापून आलं आणि पुढे देशभरच्या आशा त्याच धर्तीवर घरभेटी देऊ लागल्या. घरी बाळंतपण झालं तर पहिल्या दिवसापासून 42 दिवसांपर्यंत सात भेटी. गावची बाई शिकली तर काय करू शकते, हे यातून दिसलं.

आदिवासी भागातल्या काही आरोग्य केंद्रांत माहेरघर आहे. दिवस भरत आले की बाईनं चार दिवस आधी तिथे येऊन राहायचं, म्हणजे पुराची आणि वाटेची भीती नको. योजना चांगली. पण आवणीत बाई चार दिवस घर सोडते तेव्हा तिच्या धाकट्या पोराला कोण बघतं? बकऱ्या कोण सोडतं? बुडालेली मजुरी कोण देतं? आजीनं कात्री बघून लाकडाचं विचारलं होतं, त्यातलाच हा प्रश्न आहे. वरून आलेली चांगली गोष्ट घरात कुठे अडते, हे घरातल्या बाईला आधी कळतं.

आमच्या पाड्यानं यंदा एवढं ठरवलंय. मिरग निघायच्या आधी आशाताईकडून जून ते सप्टेंबरमध्ये मोकळ्या होणाऱ्या बायांची यादी घ्यायची. प्रत्येकीच्या घरची आवणी शेजारच्या दोन घरांनी करून द्यायची. डोलीचे चार गडी आणि त्यांचे फोन नंबर आधीच लिहून ठेवायचे. आणि बाईबरोबर एक जाणती बाई दवाखान्यात जाईलच, तिला दारात अडवलं तर सरपंचानं बोलायचं. रस्त्याचा अर्ज वेगळा दिलाय, तो कितवा ते आता मोजत नाही. यादीत यंदा पाच नावं आहेत. त्यातलं पहिलं 20 जूनच्या आसपासचं आहे.